सदाबुवांचा डावा हात

सदाबुवांनी पियानो घेतला तो फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी, सकाळी, जुफैरमधल्या एका उंच इमारतीत. किंमत एकशे साठ दिनार, रोख. हजर माणसं चार: विकणारी अमेरिकन बाई, जिचं कुटुंब बहारीन सोडून निघालं होतं, पिकअपवाला पठाण, सदाबुवा, आणि मी. मी हजर होतो, कारण सदाबुवांना इंग्रजीत घासाघीस करणं जड जातं आणि मला ती कुठल्याही भाषेत जमते. बाईंनी दोनशे सांगितले होते.

पैसे मोजून झाल्यावर बाई म्हणाल्या, वाजवून बघा. सदाबुवा स्टुलावर बसले, उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि डावा हात पियानोच्या मागे घातला. भिंत आणि पियानो यांच्यामधल्या फटीत तो हात बराच वेळ चाचपडत राहिला. बाईंना वाटलं, गिऱ्हाईक माल तपासतंय. माझ्या ध्यानात आलं. ते पेटीचा भाता शोधत होते.

"ह्याला वारा कुठून घालायचा?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"वारा लागत नाही. आत तारा आहेत."

"मग डाव्या हाताला काम काय?"

मी बाईंना प्रश्न इंग्रजीत सांगितला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी स्टुलाचं झाकण उघडून आतून एक पिवळं पुस्तक काढलं आणि फुकट दिलं. मोठ्या वयात पहिल्यांदा पियानोला हात लावणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं. पहिल्याच पानावर दोन हातांचं चित्र होतं आणि दहाही बोटांवर आकडे छापलेले होते. सदाबुवांनी ते चित्र पंचांग बघावं तसं डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि म्हणाले, "डाव्यालासुद्धा पाच दिलेत."

सदानंद गावडे, वय सत्तावन्न, मूळचे कुडाळजवळचे. बोटींना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर. उम्म अल हस्समला आमच्या बरोबर डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. त्यांची बायको गावाला सासूची सेवा करते आणि थंडीत दोन महिने इकडे येते. बोलणं मोजकं. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर लगेच द्यायचं नसेल तर म्हणतात, "समेवर बोलू." तालाचं आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर आलं की ती सम. पगारवाढ, गुडघ्याचं ऑपरेशन, मुलाचं लग्न, सगळं ते समेवर बोलणार असतात.

त्यांना बुवा म्हणतात ते भजनीबुवा म्हणून. नईममधल्या एका खोलीत दर शुक्रवारी त्यांचं भजन असायचं. कोकणातली सहा माणसं. बुवा पेटी घेऊन पहिली ओळ म्हणायचे, मागचे पाच जण ती ओढायचे. गणपतीतल्या शुक्रवारी हेच मंडळ आमच्या घरी यायचं. मी कराडचा, मला सुरातलं काही कळत नाही, पण ते सहा जण एकदम सुरू झाले की आमच्या शोकेसमधले कप वाजायचे.

मग माणसं एकेक करून गेली. कुणाची कंपनी बंद पडली, कुणाचं वय झालं, कुणाची तब्येत. व्हिसा रद्द, तिकीट, दोन बॅगा, खलास. बुवा प्रत्येकाला विमानतळावर सोडून आले. पाचवा गेला तेव्हा मागे एकटे बुवा आणि त्यांची पेटी राहिली.

पियानो घेऊन परतताना पिकअपच्या पुढच्या सीटवर आम्ही दोघं दाटीवाटीनं बसलो होतो. बुवा म्हणाले, "शिंदेसाहेब, ह्या गणपतीत तुमच्याकडचं भजन दुसऱ्या कुणाला सांगू नका. मी करणार."

"पण मंडळ कुठंय?"

"पेटीवर एक हात वारा घालण्यात जातो. राहिला एक. त्या एका हातानं गाणं होतं, मंडळ होत नाही. ह्याच्यावर दोन्ही हात मोकळे आहेत."

"आणि नाही जमलं तर?"

"तर शुक्रवार बंद पडला म्हणायचं." एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांनी मान फिरवून माझ्याकडे बघितलं. "मंडळातल्या प्रत्येकाला मी विमानतळावर सांगितलंय, बंद पडू देणार नाही."

आमच्या लिफ्टमध्ये पियानो मावला नाही. तो जिन्यानं चढवायला पठाणाची माणसं, दोन दोरखंड आणि एक अख्खी दुपार लागली. बुवा पुढे उलट्या पावलांनी चढत होते आणि प्रत्येक वळणावर म्हणत होते, "सांभाळून, देवमाणूस आहे." हे ते पठाणाला म्हणत होते की पियानोला, ते मी विचारलं नाही. माझी बायको सुनंदा दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "एका खोलीचं घर. आता झोपणार कुठं हे, पियानोवर?"

बुवांनी सोफा विकला.

त्या दिवसापासून आमच्या डोक्यावर शिक्षण सुरू झालं. पुस्तकाशिवाय दुसरा गुरू नव्हता, आणि बुवा गुरूचा शब्द मोडणाऱ्यांतले नाहीत. पुस्तकात लिहिलं होतं, हाताखाली संत्रं धरल्यासारखी बोटं गोल ठेवा. बुवा खाली आले. "वहिनी, एक संत्रं आहे काय?" सुनंदानं दिलं. अर्ध्या तासानं परत आले. संत्रं त्यांच्या हाताला मोठं होत होतं. मग लिंबू नेलं. पुढचा महिनाभर ते बोटांखाली लिंबू ठेवून वाजवत होते, आणि ते घरंगळलं की ते शोधायला पियानोखाली जात होते. फरशीवर लिंबू पडल्याचा आवाज आम्हाला ओळखू यायला लागला.

पुस्तकात लिहिलं होतं, हे पान नीट आल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहुतेक लोक असलं वाक्य वाचून पान उलटतात. बुवांनी उलटलं नाही. बर्फातून घसरत जाणाऱ्या गाडीचं एक बाळबोध गाणं त्यांनी बाहेर पंचेचाळीस डिग्री होईपर्यंत वाजवलं. मला ते झोपेतही ऐकू यायचं. ऑफिसात ताळेबंदाचे आकडे लिहिताना माझं पेन त्या चालीवर चालायला लागलं होतं.

खरी अडचण आली ती पायापाशी. पियानोला खाली पेडल असतं. ते पायानं दाबलं की सूर लांबतो. बुवांनी ते पान वाचलं आणि पुस्तक घेऊन तडक माझ्याकडे आले.

"शिंदेसाहेब, हे इंग्रजी मला बरोबर कळलंय काय? पाय ठेवा म्हणतंय?"

"तसंच म्हणतंय."

"वाद्याला?"

मी पुन्हा वाचलं. दुसरा अर्थ निघत नव्हता.

"पखवाजाला चुकून पायाचं बोट लागलं तरी आम्ही कानाला हात लावतो. आणि हे म्हणतंय, ठेवा आणि दाबा."

दोन आठवडे ते पान अडलं. शेवटी त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. वाजवायला बसण्याआधी न्हाणीघरात जाऊन पाय साबणानं धुवायचे, पुसायचे, पेडलला हात लावून तो हात कपाळाला लावायचा, मग पाय. दर वेळी. मध्ये फोन आला, उठावं लागलं, तर पुन्हा पाय धुण्यापासून. मी एकदा तो सगळा विधी समोर बसून बघितला. हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. सूर लांबला तेव्हा बुवांनी डोळे मिटले होते आणि तो विरेपर्यंत श्वाससुद्धा सोडला नव्हता.

मे महिन्याच्या सुमारास वरून बोलण्याचे आवाज यायला लागले. आधी पियानोचे चार सूर, मग एकदम बुवांचा करडा आवाज.

"बाळू, मेल्या, झोपलंस काय?"

पुन्हा चार सूर.

"गोविंदा, हळू. तुझो पखवाज नाय तो."

मग समजुतीनं, "सावंतांनू, एकेकान येवा रे. दोघांनी एकदम दारात घुसा नका."

सुनंदानं चमचा खाली ठेवला. "कोण आलंय ह्यांच्याकडे?"

जिन्यात कुणी दिसत नव्हतं. चपला बुवांच्याच होत्या. पण रोज संध्याकाळी साडेसहाला ही नावं ऐकू यायची, आणि बुवा त्यांना झापायचे, समजवायचे, कधी शाबासकी द्यायचे. उत्तर कुणाचंच ऐकू यायचं नाही. सुनंदा म्हणाली, "माणूस एकटा राहून राहून असा होतो. तुम्ही डॉक्टरशी बोला." मी म्हटलं, बोलतो. खरं तर कुठल्या डॉक्टरशी, ते मला कळत नव्हतं.

आमच्याआधी हारिसनं, म्हणजे इमारतीच्या वॉचमननं, हालचाल केली. आखातात एका माणसाच्या नावावर खोली घेऊन तिच्यात पाच-सहा माणसं झोपवायची, हे काही नवीन नाही. आणि घरमालकांचं लक्ष दुसरं कशावर नसलं तरी ह्याच्यावर असतं. हारिसनं दाराला कान लावून नावांची यादीच केली आणि मालकाला कळवली.

मालक अबू खलील हे वयस्कर गृहस्थ. जुने बहारिनी बोलतात तसं बाजारी हिंदी बोलतात. ते आले, साक्षीदार म्हणून मलाही वर बोलावलं. बुवांनी दार उघडलं. मालक पांढराशुभ्र पायघोळ थोब सावरत आत गेले आणि उभ्यानंच विचारलं, "गावडे, इदर कितना नफर रहता?" इकडे माणसं मोजायची ती नफरांत.

"एक," बुवा म्हणाले.

"हारिस बोलता पाँच. बालू, गोविंद, पांडू, दो सावंत. नाम भी मालूम."

हारिसनं न्हाणीघर बघितलं. टूथब्रश एक. स्वयंपाकघरात ताट एक, वाटी एक. पलंगाखाली वाकून बघितलं, तिथं एक लिंबू मिळालं. ते त्यानं आणून मालकाच्या हातात दिलं.

"किदर है पाँच नफर?"

बुवा इतके ओशाळलेले मी कधी बघितले नव्हते. त्यांनी डावा हात वर केला, पंजा उघडला आणि म्हणाले, "ये."

मालकांनी हाताकडे बघितलं, पियानोकडे बघितलं, लिंबाकडे बघितलं. मग सोफा नसल्यामुळे पलंगावर बसले. "यल्ला, बजाओ."

बुवा म्हणाले, पाय धुवून येतो. मालक थांबले. वजू केल्याशिवाय नमाज न पढणाऱ्या माणसाला ह्यात नवल वाटलं नसावं. बुवांनी ती बर्फाची गाडी वाजवली, दोन्ही हातांनी, अडखळत. करंगळी उशिरा आली तेव्हा सवयीनं "बाळू" म्हणाले आणि जीभ चावली. मालक शेवटपर्यंत हलले नाहीत. उठताना म्हणाले, "ज़ैन. बहुत ज़ैन." म्हणजे छान. दारात वळून हारिसला म्हणाले, "मफी नफर," म्हणजे जादा माणसं नाहीत, "एक आदमी." आणि बुवांच्या डाव्या हाताकडे बोट करून, "ये पाँच का भाडा मफी."

ते गेल्यावर बुवांनी मला चहा दिला, त्या एकुलत्या कपात. स्वतः वाटीतून प्यायले.

"पुस्तकात बोटांना आकडे आहेत," ते म्हणाले. "एक, दोन, तीन. आकड्याला हाक कशी मारणार? आकडा ऐकत नाही. हा डावा हात चाळीस वर्षं नुसता वारा घालत होता, त्याला बोटं आहेत हेच ठाऊक नव्हतं. म्हटलं, ह्याच्यात माझी माणसं बसवतो."

अंगठा म्हणजे गोविंद. पखवाजवाला, क्रेनचा ड्रायव्हर, जाईल तिथं जोरात. तर्जनी पांडू, इलेक्ट्रिशियन, कुणी विचारायच्या आत दाखवायला पुढे. मधलं बोट आणि अनामिका हे सावंत बंधू, थोरला आणि धाकटा, सुतार. "एक उचललं की दुसरं उठतंच. बघा." त्यांनी करून दाखवलं. "इकडे होते तेव्हा दोघांनी चहासुद्धा वेगळा घेतला नाही. आता मी त्यांना वेगळं चालायला शिकवतोय, तर वाईट वाटतं." आणि करंगळी बाळू परब. हॉटेलच्या लाँड्रीत कामाला, झांजा त्याच्याकडे. दिवसभर इस्त्री करून यायचा, भिंतीला टेकून डोळे मिटायचा आणि बरोबर अर्ध्या मात्रेनं उशिरा वाजवायचा.

"बाळूला फोनवर सांगितलं मी. बाकीच्यांना नाही. तो आजारी आहे ना, मूत्रपिंडाचं. तेवढंच त्याला बरं वाटेल. तर म्हणतो कसा, बुवानू, सगळ्यात बारीक बोट माका दिलात. म्हटलं, अरे, सगळ्यात खालचा सूर तुझा आहे. तू नसलास तर वरचे सगळे लटकतात."

मी मनातल्या मनात बोटं आणि नावं जुळवून बघितली. बरोबर होती. खाली येऊन सुनंदाला सांगितलं, डॉक्टर नको. ती म्हणाली, "त्या धाकट्या सावंताला माझ्या हातची सोलकढी आवडायची."

ह्याचा अर्थ तिचा विरोध संपला होता असं नाही. जुलैत तिला एका नवीन भजन ग्रुपचा फोन आला. जुफैरची तरुण मंडळी, स्पीकर आणतात, ताल मोबाइलवर वाजतो, सगळे सारख्या रंगाचे कुर्ते घालतात. सुनंदा म्हणाली, "त्यांना हो म्हणू काय? ऐन वेळी वर लिंबू पडलं तर वीस पाहुण्यांसमोर काय करायचं?" प्रश्न रास्त होता. मी बुवांना सांगितलं, ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी मला ऐकवा, मग ठरवू. नेहमीप्रमाणे ते समेवर बोलायला हवे होते. म्हणाले, "या."

त्यांनी वाजवायला घेतला होता तो मंडळाचा शेवटचा गजर. चाल गोविंदनं बांधलेली, कुठल्याच पुस्तकात नसलेली. पिवळ्या पुस्तकात जे शिकले ते ह्या चालीला लावून त्यांनी स्वतःच बोटं ठरवली होती. उजवा हात म्हणजे बुवा, ओळ सांगणार. डावा म्हणजे मागचे पाच, ती ओढणार. त्या शुक्रवारी गजर अर्ध्यापर्यंत आला आणि मोडला. पुन्हा अर्ध्यापर्यंत आला, पुन्हा मोडला. बुवांच्या बनियनची पाठ भिजली होती. पण त्या अर्ध्या गजरात मला पखवाज ऐकू आला होता. मी खाली येऊन सुनंदाला म्हटलं, त्या मुलांना नाही म्हणून सांग.

गणपतीला तीन आठवडे होते तेव्हा बाळू गेला. कणकवलीच्या हॉस्पिटलात, सकाळी. बुवांना फोन आला तेव्हा ते ड्युटीवर होते. मला त्यांनी जिन्यात सांगितलं, "बाळू गेलो," एवढंच, आणि वर गेले.

त्या संध्याकाळी साडेसहाला आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शुक्रवार आला. सुनंदा टीव्ही बंद करून छताकडे बघत बसली. सहा महिने जिनं कपाळाला बाम लावून ते ऐकलं, ती मला म्हणाली, "जा ना वर. बघा तरी."

बुवा पियानोसमोर बसलेले होते. पाय धुतलेले दिसत होते. डाव्या हाताची चार बोटं पट्ट्यांवर आणि करंगळी आत दुमडून तळव्यात धरलेली. आवाज न करता ते बोटं इकडून तिकडे ताणत होते.

"काय करताय?"

"चार बोटांत बसवून बघतोय." त्यांनी वर बघितलं नाही. "पांडूला खाली पाठवला तर वर जागा रिकामी राहते. थोरल्या सावंताला पाठवला तर धाकटा ओढला जातो. खालचा सूर कुणालाच पोचत नाही, शिंदेसाहेब. मेलेल्या माणसाला रोज साडेसहाला हाक कशी मारू? पण तो सूर सोडला तर बाकीचे लटकतात."

मी संगीतातला माणूस नाही. समोर पिवळं पुस्तक उघडं होतं. मी पहिलं पान काढलं, हातांचं चित्र त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणालो, "पुस्तकात पाच आहेत. पाचच ठेवा."

बुवा त्या चित्राकडे बघत राहिले. मग मूठ सोडली. करंगळी पट्टीवर ठेवली, पण दाबली नाही. मी दार ओढून घेतलं. जिना उतरत होतो तेव्हा वरून एक सूर आला, अगदी खालचा, एकटाच. पेडल दाबलेलं असावं. मी आमच्या दारापाशी पोचलो तरी तो चालू होता.

गणपतीतला शुक्रवार उजाडला. वीस-बावीस माणसं. आरती आमच्याकडे झाली. पियानो खाली येऊ शकत नव्हता आणि बसवलेला गणपती वर नेता येत नव्हता, म्हणून प्रसाद घेऊन माणसं वर गेली. देवाला एकटं सोडायचं नाही, म्हणून सुनंदा समईपाशी थांबली. दोन्ही दारं उघडी ठेवली. अबू खलीलना बोलावलं होतं. तेही पलंगाच्या कडेला बसले, मोदक तळहातावर घेऊन. कुणीतरी मोबाइल पियानोवर उभा केला. त्यात कुडाळहून गोविंद, शेजारी पांडू आणि सावंत बंधू, चौघं एका चौकटीत दाटून बसलेले.

बुवा पाय धुवून आले, पेडलला नमस्कार केला, बसले.

ते कसं वाजलं हे मी सांगायला लायक नाही. मला फक्त मोजता येतं, आणि मी मोजत होतो. उजव्या हातानं ओळ सांगितली. मग डाव्यातून पखवाज आला, पांडू आला, सावंत आले, एकेकटे, आपापल्या पायानं. सगळ्यांच्या खाली, अर्ध्या मात्रेनं उशिरा, करंगळी आली. मला वाटलं चुकली. पुढच्या ओळीलाही तशीच आली. तिसऱ्या ओळीला मला कळलं की चुकत नाहीये. मे महिन्यापासून ज्या उशिराबद्दल बुवांनी शिव्या घातल्या, तो त्यांनी आता तसाच ठेवला होता. खोलीत एक माणूस वाजवत होता आणि मी शपथेवर सांगतो, सहा होते. टाळ्या कुठं वाजवायच्या ते कुणाला कळलं नाही. मालकांच्या हातातला मोदक तसाच राहिला होता.

संपल्यावर मोबाइलमधून पहिला आवाज गोविंदचा. "बुवानू, पखवाज वायच घाईत गेलो."

"तू असोच होतंस," बुवा म्हणाले.

मोबाइलमध्ये धाकट्या सावंतानं नाक पुसलं आणि थोरल्यानंही पुसलं.

खाली आलो तर सुनंदा समईत तेल घालत होती. डोळे लाल. "मी ओळ ओढली," ती म्हणाली. "एकटीच. वरून सांगत होते, खाली कुणीतरी ओढायला नको?"

भजन झालं की बुवांना नारळ आणि पाकीट द्यायचं, ही रीत. आमच्याकडे माणशी पाच दिनार आणि वर एक, अशी बिदागी ठरलेली. सहा माणसांचे एकतीस. ह्या वर्षी माणूस एक, म्हणून मी पाकिटात सहा घातले होते. पाहुणे गेल्यावर बुवांना दिलं. त्यांनी ते माझ्यासमोर उघडलं, जे ते कधीच करत नाहीत. मोजलं आणि परत माझ्या हातात ठेवलं.

"हिशोबात चुकलात, शिंदेसाहेब."

तीस वर्षांत हे मला कुणी म्हटलेलं नाही. मी आत गेलो, आणखी पंचवीस आणले आणि पाकिटात घातले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्ही दोघं मनामातल्या एक्स्चेंजमध्ये गेलो. बुवांना पाच वेगवेगळ्या ठिकाणी पाच-पाच दिनार पाठवायचे होते. प्रत्येक वेळचा चार्ज वेगळा. मी म्हटलं, सगळे गोविंदला एकदम पाठवा, तो वाटेल. बुवा म्हणाले, "ज्याचे त्याच्या घरी जाऊ देत," आणि चार्जचे पैसे स्वतःच्या खिशातून काढले. चार पावत्या झाल्या. पाचवीला काउंटरवरचा मुलगा नाव बघून थांबला. बाईचं नाव होतं.

"कौन है आपका?"

"मेरे साथवाले का घरवाली."

"पैसा किसलिए?"

"उसके आदमी का काम का."

मुलानं कीबोर्डवर बोटं ठेवली. "काम कब किया?"

"कल," बुवा म्हणाले.

मुलानं तसं टाइप केलं आणि पावती फाडून दिली. ह्या वर्षीची बिदागी, एकूण एकतीस दिनार. त्यांपैकी पाच, श्रीमती सुलभा बाळकृष्ण परब, कणकवली, यांना.